हात वर झाला की भट्टी थांबायची

राहुलचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी भांडत होते. विद्यानगरात आमच्या गल्लीत येणारा हा गाडीवाला वरचे चांगले टोमॅटो दाखवतो आणि पिशवीत खालचे घालतो. मी रोज त्याला त्यावरून झापते, तो रोज हसतो, मी हसत नाही. फोन कानाला लावूनच म्हणाले, "थांब रे राहुल, याला आधी सरळ करते." माझा भाचा थांबला नाही. म्हणाला, "आत्या, पप्पा गेले. सकाळी चहा घेता घेता..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "का?" मी म्हणाले. मरणाला का म्हणून कुणी विचारतं का? पण आमच्या घरात तो शब्द सगळ्यात आधी तोंडात येतो. राहुलही त्याच घरातला, त्यानं बिचाऱ्यानं उत्तर दिलं, "हार्ट म्हणतायत डॉक्टर." भाजीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि सगळे टोमॅटो बदलून वरचे घातले. त्याचाही मला रागच आला.

सिद्धार्थदादा माझा थोरला भाऊ. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत जुनं लोखंड वितळवण्याचा त्याचा कारखाना ज्यांनी पाहिलाय त्यांना मोठं फाटक, चुंबकाची क्रेन, ट्रकांची रांग एवढंच ठाऊक असणार. त्याला जाऊन काही महिने झाले. या काळात जो तो मला सांगतो की बाई, तुमच्या भावानं शून्यातून केवढं उभं केलं. उभं केलं, खरंच केलं. पण मला त्याच्याबद्दल लिहायचंय ते त्यानं काय उभं केलं याबद्दल नाही, तो काय थांबवायचा याबद्दल आहे.

आमचे बाबा नांदेडकडच्या एका खेड्यातून तेलुगू मुलखात काचीगुड्याला रेल्वेत नोकरीला आले. गावात आमच्या लोकांच्या वाट्याला काय कामं होती ते मी इथं उगाळत बसत नाही, वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. बाबांनी ते गाव, तो धर्म, ती कामं सगळं मागं टाकलं, आणि बरकतपुऱ्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्हाला एकच गोष्ट शिकवली... विचारायचं. मास्तर काही म्हणाले तर का म्हणाले, भटजी काही म्हणाले तर का म्हणाले, खुद्द बाबा काही म्हणाले तरी का म्हणाले. जेवताना आईनं "गप जेवा" म्हटलं की आम्ही दोघं एका सुरात "का?" म्हणायचो आणि बाबांच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं की आई वैतागून उठून जायची. आमच्या वाडवडिलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना हा एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. तो आमच्या घरात दिवसभर घुमायचा. मी पुढं मराठी शाळेत शिक्षिका झाले तीही बहुतेक याच शब्दाच्या जोरावर.

दादा बी.एस्सी. झाला, सरकारी कचेरीत लागला. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. आणि काही वर्षांनी एका रविवारी हा पठ्ठ्या म्हणाला, नोकरी सोडतोय, भंगाराचा धंदा करणार. माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. बाबा अगदी हळू म्हणाले, "गावात आपण जे ओढत होतो ना, ते सोडायला माझी अर्धी जिंदगी गेली. आता तू शहरात येऊन लोकांनी टाकलेलं ओढणार? का?" दादाची तयारी होती. कचेरीतली मोडकी कपाटं, कूलर, पंखे लिलावात कसे मातीमोल जातात, तेच लोखंड वितळून पुन्हा नवं कसं होतं, जमिनीतून नवं काढायला लागतं त्याहून हे किती सोपं, असं त्यानं परीक्षेला बसल्यासारखं सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "कारण बरं आहे," ते म्हणाले. "काम वाईट आहे." आणि चपला घालून बाहेर पडले. त्यानंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत, पण दादाचं व्हिजिटिंग कार्ड छापून आलं तेव्हा त्यांनी ते खिशात ठेवून घेतलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

धंद्यात त्याचा भागीदार खाजाभाई. नामपल्लीच्या मागच्या बाजूला पत्र्याचे कूलर दुरुस्त करणाऱ्या घरातला, शाळेत फार न रमलेला, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. दोघांनी एक शेड भाड्यानं घेतली. माल आणायचा, लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वेगळं करायचं आणि पुढं मोठ्या व्यापाऱ्याला द्यायचं. नंतर गॅस कटर आले, जुन्या बसचे सांगाडे कापू लागले, आणि मग शहराबाहेर जागा घेऊन स्वतःची छोटी भट्टी टाकली. दादा हिशेब, परवाने, तापमान बघणार आणि खाजाभाई माल. खाजाभाई ढिगाभोवती एक चक्कर मारून सांगायचे, "ये अच्छा है," किंवा "ये नक्को." दादा लगेच विचारायचा, "कैकू?" म्हणजे तेच आमचं का. खाजाभाई कपाळाला हात लावायचे. मला म्हणायचे, "दीदी, तुमारा भाई सांस बी पूछ के लेता क्या?" आम्ही सगळे हसायचो. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

भंगाराच्या भट्टीत सगळ्यात मोठी भीती बंद वस्तूची असते. झाकण घट्ट बसलेला डबा, गॅसचं नळकांडं, दोन्हीकडून चेपलेला पाइप... आत हवा किंवा नुसतं पाणी कोंडलेलं असलं तरी तापलेल्या रसात पडताच ते फुटतं. म्हणून ढीग टाकण्याआधी बघायचा, हे त्यांनाही ठाऊक होतं, बघतही होते. त्या दिवशी सकाळी पहिला ढीग तयार होता, माणसं भंगाराचं टोपलं भट्टीत कलवायला उभी होती, आणि खाजाभाईंनी एकदम हात वर केला. "रुको!" दादा भट्टीपाशी होता. त्यानं विचारलं, "कैकू?" खाजाभाई म्हणाले, "मालूम नै. दिल नै बोल रा." दादा हसला. "दिल से भट्टी नै चलती, खाजाभाई. वजह बोलो." खाजाभाई वजह शोधायला लागले, ढिगाकडं बघायला लागले, तोंडानं "वो... नीचे की बाजू..." असं काहीतरी म्हणत दोन पावलं पुढं गेले. टोपल्याजवळच्या माणसांना वाटलं, मालक हसतायत म्हणजे ठीक आहे. त्यांनी कलवलं. पत्र्यांच्या खाली आग विझवायचं एक जुनं नळकांडं होतं.

दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. खाजाभाईंचा डावा डोळा गेला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा दादा बाकावर बसला होता, हात पांढऱ्या पट्ट्यांत, समोर खाजाभाईंची बायको भिंतीला टेकून उभी. ती रडत नव्हती, दादाकडं बघत होती, आणि त्या बघण्यापुढं माझा मोठा भाऊ इतका बारीक झालेला मी कधी पाहिला नव्हता. मला म्हणाला, "लता, ते थांब म्हणत होते आणि मी कारण मागत होतो गं. नुसतं थांबलो असतो तर..." बाबा आले, त्याच्या शेजारी बसले. कधी नव्हे ते त्यांनीही काही विचारलं नाही.

खाजाभाई बरे होऊन परत आले त्या दिवसापासून यार्डात एक रीत सुरू झाली. भट्टीपाशी उभ्या असलेल्या कुणालाही, मालक असो, क्रेनवाला असो, कालच कामाला लागलेली बाई असो, थांबावंसं वाटलं तर त्यानं हात वर करायचा. हात वर झाला की भट्टी थांबायची, ढीग खाली उतरायचा आणि सगळा पुन्हा उकलायचा. इथवर कुणीही म्हणेल, बरोबर आहे. पण दादानं पुढचं एक जोडलं होतं. ज्यानं हात वर केला त्याला का म्हणून विचारायचं नाही. तेव्हा नाही, नंतर नाही, चहा पिताना सहज म्हणूनही नाही.

यावरून माझं त्याचं असं काही वाजलं की विचारू नका. मी त्याला म्हटलं, "दादा, तुला लाज वाटते का? ज्या घरात का विचारायला शिकलो त्या घरातला तू, आणि तू लोकांना गप बसायला शिकवतोस?" तो शांतपणे म्हणाला, "मी त्यांना गप नाही बसवत, मला गप बसवतो." मी म्हटलं, ठीक आहे, भट्टी थांबल्यावर तरी विचार, त्यानं काय बिघडतं? "तेच बिघडतं," तो म्हणाला. "नंतर जाब द्यावा लागणार हे माहीत असलं की माणूस आधी कारण शोधतो, मग हात वर करतो. तेवढ्यात खाजाभाईंचा डोळा जातो." मला पटलं नाही. मी बरीच वर्षं पटवून घेतलं नाही आणि त्याला तसं तोंडावर सांगत राहिले, कारण मी त्याची बहीण आहे, भिंत नाही.

कारखाना वाढत गेला. छोट्या भट्टीच्या जागी विजेवरची मोठी आली, टोपलं कलवणाऱ्या माणसांच्या जागी क्रेन आली. बाबा गेले, आई गेली. राहुल इंजिनीअर झाला आणि बापाच्या धंद्यात उतरला. पोरगा हुशार, मेहनती, बोलण्यात अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी आणि चिडला की तेलुगू. त्यानं माल तपासायचं मशीन आणलं, कॅमेरे लावले. पण हात वर करायची रीत त्याला सुरुवातीपासून खुपायची. तो म्हणायचा, "आत्या, जगात कुठल्या प्लांटमध्ये असं चालतं? कुणाच्याही मूडवर फर्नेस बंद?" आणि खरं सांगते, मला त्याचं म्हणणं बरोबर वाटायचं.

त्यातून तो दिवस आला. मी तिथं असायचं काही कारण नव्हतं, वहिनीनं मटणाचा डबा पाठवला होता म्हणून गेले. वातावरण आधीच तापलेलं. मोठ्या गिऱ्हाइकाचा ट्रक फाटकात उभा, त्याचा माणूस घड्याळ बघत फिरतोय, राहुलच्या कानाचा फोन सुटत नाही. क्रेननं ढीग उचलला आणि माल निवडणाऱ्या बायकांतून यादम्माचा हात वर गेला. भट्टी थांबली. ढीग उतरवला, सगळ्यांनी मिळून उकलला. काही निघालं नाही. राहुलनं दात खाल्ले. पुन्हा ढीग भरला, क्रेननं उचलला... आणि यादम्माचा हात पुन्हा वर. ट्रकजवळचा माणूस मोठ्यानं काहीतरी बोलला. पुन्हा ढीग खाली, पुन्हा सगळं उकलणं, भर उन्हात, माणसं घामानं निथळतायत, एकमेकांकडं न बघता लोखंड बाजूला सारतायत. पुन्हा काही निघालं नाही.

आता मात्र राहुलचा तोल गेला. यादम्मासमोर जाऊन ओरडला, "एंदुकु? चेप्पु!" म्हणजे का, सांग! ती बाई त्याच्या आईच्या वयाची. मान खाली घालून पुटपुटली, "भयम् अयिंदि, सारू." भीती वाटली, एवढंच. राहुल हात उडवत म्हणाला, "भीती! हिला भीती वाटली!" तेवढ्यात दादा मधे आला. आवाज चढवला नाही. राहुलच्या छातीवर आपला तो भाजल्याच्या डागांचा हात ठेवला आणि म्हणाला, "तुला हात दिसला ना? मग झालं तर." मग यादम्माकडं वळून नमस्कार केला आणि म्हणाला, "अम्मा, कूचोंडि." बसा. ट्रक रिकामा गेला. ते गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच.

त्या दिवसानंतर राहुल बापाशी कामापुरतंच बोलायचा. एका ताटात जेवणारी माणसं, पण वहिनीच्या मार्फत बोलणं. मी दादाला म्हटलं, "अरे, पोरगं गमवशील. निदान त्याला समजावून तरी सांग." तो म्हणाला, "सांगून नाही होत ते, लता. मी सांगितलं की तो कारण मागणार, मी कारण दिलं की तो ते खोडणार. आपल्याच घरातलं पोरगं आहे." शेवटची भेट झाली तेव्हाही हाच घोर त्याच्या डोक्यात होता. बरकतपुऱ्याला एका लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो, समोर वाटीत डबल का मीठा, पावाचं ते इथलं गोड, त्यानं हात लावला नव्हता. म्हणाला, "माझ्यानंतर राहुल ते बंद करील. मग कुणीतरी मरेल तिथं." मी म्हटलं, "शुभ बोल की रे जरा!" आणि त्याच्या वाटीतला मीठा मी खाल्ला.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक बोलले, चांगलंच बोलले. मांडवाच्या कडेला राहुल खाजाभाईंना सांगताना मी ऐकलं, "चाचा, भट्टी पुढच्या आठवड्यात सुरू करतोय. आणि वो हात का सिस्टम अब बंद. मशीन है, कॅमेरा है. मैंने सबको बोल दिया." खाजाभाईंनी त्याच्याकडं एका डोळ्यानं बघितलं. "हौ बेटा," एवढंच म्हणाले. माझ्या अंगाची लाही झाली. ज्या रीतीवरून मी दादाशी इतकी वर्षं भांडले तीच मोडतेय म्हणून मी का चिडावं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

भट्टी पुन्हा पेटवायच्या दिवशी वहिनी यायला तयार नव्हती. राहुल म्हणाला, "आत्या, घरातलं कुणीतरी हवं, तू चल." मी पांढरी साडी नेसून गेले. खाजाभाई, यादम्मा, सगळे उभे होते, पण कसे, जणू कुणाच्या तरी हुकमाची वाट बघत. बायकांनी हात पदरात गुंडाळून घेतले होते. राहुल डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा लावून भट्टीच्या जवळ उभा राहिला, बाप उभा राहायचा त्याच जागी. मशीननं माल पास केला होता. क्रेननं ढीग उचलला, तो ढीग हळूहळू राहुलच्या डोक्याच्या बाजूनं सरकायला लागला.

मला काही दिसलं नव्हतं. ना नळकांडं, ना डबा. लोखंडातलं मला काय कळतं? मला नुसती भीती वाटली, अगं माय, अशी भीती मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. आणि माझा हात वर गेला.

क्रेनवाल्यानं पाहिलं आणि ढीग हवेतच थांबवला. मग त्यानं राहुलकडं बघितलं. सगळ्यांनीच राहुलकडं बघितलं. खाजाभाई माझ्या शेजारी होते, त्यांनी मान वळवली नाही, फक्त त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. राहुलनं चष्मा काढला. तो रागानं लाल झालेला मला स्वच्छ दिसत होता. त्याचं तोंड उघडलं, आणि कुठला शब्द येणार ते मला ठाऊक होतं, सगळ्या जगाच्या आधी मलाच ठाऊक होतं, कारण तो आमच्या घरचा शब्द आहे. तो आला नाही. राहुलनं तोंड मिटलं, मान फिरवली आणि क्रेनवाल्याला म्हणाला, "उतार."

ढीग जमिनीवर टेकला तेव्हा यादम्मा सगळ्यांत आधी पुढं झाली, मग बाकीच्या बायका. राहुल माझ्यापाशी आला. मला फार अपराध्यासारखं झालं होतं, पहिल्याच दिवशी पोराचं काम मोडलं म्हणून. "राहुल, अरे मी..." मी सुरुवात केली.

"आत्या, हात खाली घे आता," तो म्हणाला. "भट्टी थांबलीय."

माझा हात तेव्हापर्यंत वरच होता. तो त्यानंच धरून खाली आणला, आणि मग मात्र दादा गेल्यापासून पहिल्यांदा मी सगळ्यांच्या देखत हुंदके देऊन रडले. ढिगात काही निघालं नाही. दुपारून भट्टी सुरू झाली. संध्याकाळी राहुलनं मला गाडीतून विद्यानगरला सोडलं, वाटेत वहिनीच्या बीपीबद्दल बोलला, रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलला, खाजाभाईंना आता घरी बसवावं का म्हणून माझं मत घेतलं. माझ्या दारात उतरून त्यानं माझी पिशवीसुद्धा वर आणून दिली. ते एक मात्र त्यानं विचारलं नाही. त्यालाही काही आठवडे झाले, अजून विचारलेलं नाही.